अडीचशे अणूंचं सोनं

ओहोटी लागली की शिवडीच्या जेट्टीसमोरचं पाणी लांबवर मागं सरतं आणि काळ्या, चकचकीत चिखलाचं मैदान उघडं पडतं. हिवाळ्यापासून पावसाच्या तोंडापर्यंत तिथं रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे उतरतात. ते बघायला सगळ्या मुंबईतून माणसं येतात आणि आल्या आल्या नाकाला रुमाल लावतात. कुजक्या अंड्याचा तो वास शिवडीत जन्म काढलेल्या माणसाला जाणवतसुद्धा नाही. जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू याच चिखलावरून समुद्रात शिरतो, पण गाडीच्या काचा बंद करून पलीकडे जाणाऱ्यांना खाली काय शिजतंय याचा पत्ता लागत नाही.

खाली जे शिजतंय ते मोठं मजेदार आहे. चिखलाच्या वरच्या बोटभर थराखाली प्राणवायू जवळजवळ नसतोच. तिथल्या जीवाणूंनी त्यावर तोड काढली आहे. समुद्राच्या पाण्यात सल्फेट मुबलक असतं, त्यातल्या ऑक्सिजनवर ते आपलं श्वसन भागवतात आणि उरलेला गंधक हायड्रोजन सल्फाइड वायूच्या रूपानं बाहेर टाकतात. त्यातला काही गंधक चिखलातल्या लोखंडाशी जुळतो, त्याचं काळं आयर्न सल्फाइड बनतं. खाडीचा चिखल काळा असतो तो मुख्यतः यामुळे. बाकीचा वायू हवेत सुटतो. अब्जात पाच-दहा कण एवढा जरी तो हवेत मिसळला, तरी माणसाच्या नाकाला कळतो.

चांदीलाही कळतो. हा वायू चांदीच्या पृष्ठभागाशी आला की तिथं सिल्व्हर सल्फाइडचा पापुद्रा धरू लागतो. आधी पिवळसर, मग तपकिरी, मग निळसर आणि शेवटी काळाकुट्ट. देवघरातली समई, निरांजन, अत्तरदाणी काळवंडते ती अशी. आणि आजीच्या ट्रंकेतली पैठणी बऱ्याच वर्षांनी उलगडली की सोनेरी पदरावर जे काळे पट्टे दिसतात, तेही हेच. लोखंडाबरोबर जुळून चिखल काळा करणारा गंधक चांदीबरोबर जुळून पदर काळा करतो.

लालबाग-शिवडीकडच्या घरांमधल्या सगळ्या साड्या खाडीनंच काळ्या केल्या, असं मात्र नाही. लोकरीत गंधक असतो, रबरात असतो, कोळशाच्या धुरात असतो. गिरण्यांची धुराडी चालू होती तेव्हा या भागात धुराला काही तोटा नव्हता. त्याच ट्रंकेत लोकरीची शाल किंवा रबरी चादर घडी घालून ठेवली असेल, तर खाडीपर्यंत जायचीही गरज नाही.

खरा प्रश्न पुढचा आहे. पदरातली जर म्हणे सोन्याची, आणि सोनं तर गंधकाला भीक घालत नाही. हजारो वर्षं मातीत राहिलेली सोन्याची नाणी झळझळीत निघतात. मग पदर काळा का पडला?

कारण जर सोन्याची नसते. ती चांदीची असते आणि तिच्यावर सोनं इतकं थोडं असतं की आकडा ऐकल्यावर आधी विश्वास बसत नाही.

जरा हिशेब करू. समजा, ३० मिलिमीटर जाडीची आणि एक मीटर लांबीची चांदीची सळई घेतली. तिच्याभोवती सोन्याचा पत्रा गुंडाळून, तापवून, घोटून असा बसवला की सोन्याचा थर ०.०३ मिलिमीटर झाला. चांदी भरेल साडेसात किलोला थोडी कमी, सोनं सुमारे ५५ ग्रॅम, म्हणजे हल्लीच्या दहा ग्रॅमच्या तोळ्यानं साडेपाच तोळे. आता ही सळई ओढत ओढत ०.१५ मिलिमीटर जाडीची तार केली. जाडी दोनशे पटीनं घटली, म्हणून लांबी दोनशेच्या वर्गानं, चाळीस हजार पटीनं वाढली. एका मीटरची चाळीस किलोमीटर तार झाली. शिवडी स्टेशनात तिचं एक टोक धरलं तर दुसरं हार्बर लाइननं थेट पनवेलला पोचेल.

त्या सोन्याचं काय झालं? चांदीची जाडी दोनशे पटीनं कमी झाली, तशीच सोन्याचीही झाली. ०.०३ मिलिमीटरचं ०.१५ मायक्रॉन झालं. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पण काम इथं संपत नाही. ही तार चापटून तिची अर्ध्या मिलिमीटर रुंदीची पट्टी करतात. पट्टीचा घेर तारेच्या घेराच्या दुपटीहून जास्त भरतो आणि तेवढंच सोनं त्या वाढलेल्या घेरावर पसरतं. हाती उरतो सुमारे ०.०६६ मायक्रॉनचा थर. अणूंमध्ये मोजायचं तर एकावर एक रचलेले अडीचशेच्या आसपास अणू. लग्नात मिरवलेल्या त्या पदराचा सोनेरी रंग या अडीचशे अणूंचा. हल्ली वन ग्रॅम गोल्डच्या दागिन्यांना नाकं मुरडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

एवढा पातळ थर चाळीस किलोमीटरपर्यंत न फाटता, न सोलवटता कसा टिकतो? याचं उत्तर दोन धातूंच्या अंतर्रचनेत आहे. सोन्याचे आणि चांदीचे अणू एकाच पद्धतीनं रचलेले असतात. त्या रचनेतल्या एका घनाची बाजू सोन्यात ०.४०८ नॅनोमीटर, चांदीत ०.४०९. फरक जेमतेम पाव टक्क्याचा! तापवून दाबलं की एका धातूच्या रांगा दुसऱ्याच्या रांगांशी बिनबोभाट जुळतात. दोन्ही धातू मऊ, दोन्ही ताणले जाणारे, त्यामुळे ओढताना दोघं बरोबरीनं लांबत जातात. तांब्यात हीच बाजू ०.३६१ नॅनोमीटर आहे. त्याच्याशी अशी जुळणी होत नाही.

मात्र या मैत्रीत एक धोका आहे. उष्णता जास्त झाली की सोन्याचे अणू चांदीत उतरू लागतात. काही वेळानं वर सोनं म्हणून काही राहतच नाही, फिकट मिश्रण उरतं आणि रंग जातो. इकडे तार ओढताना चांदी कडक होते, ठिसूळ होते, म्हणून तिला मध्ये मध्ये तापवून मऊ करावंच लागतं. कमी तापवली तर तुटते, जास्त तापवली तर सोनं गिळते. थर्मामीटर नसलेल्या काळात, भट्टीतल्या रंगाकडे बघून कारागीर हा तोल सांभाळत होते. अणू म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण अणूंना किती सैल सोडायचं याचा अंदाज त्यांच्या डोळ्यांत होता.

महाराष्ट्रात हे काम कुठं कुठं चालायचं? पैठण तर आहेच. पण पुण्याचं नाव विसरलं जातं. पेशवाईतल्या पागोट्यांना, शेल्यांना, शालूंना जर लागायची आणि दरबार हलला तरी कारागीर तिथंच राहिले. १८८५ साली छापलेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात सोन्या-चांदीची तार काढण्याचा धंदा शहराच्या महत्त्वाच्या धंद्यांमध्ये वर्णिला आहे. एका माणसानं पहिल्यापासून शेवटपर्यंत जर केली, असं कधी होत नसे. चांदीची लगड ओतून तिच्यावर सोनं चढवणारा वेगळा, जाड तार काढणारा वेगळा, ती केसासारखी बारीक करणारा तारकस वेगळा, तार चापटणारा वेगळा आणि चापटलेली तार रेशमावर वळणारा वेगळा. आज येवल्याच्या मागावर जी जर चढते, ती बहुतेक सुरतेहून येते. पुण्यातली ही साखळी तुटून गेली.

तार ओढायचं हत्यार म्हणजे जंतर. पोलादाची पट्टी आणि तिच्यात उतरत्या मापाची भोकं. सोनारांकडे आजही दिसतं. तारेचं टोक निमुळतं करून भोकातून घालायचं, पलीकडून सांडशीनं धरून ओढायचं, मग त्याहून लहान भोक, मग त्याहून लहान. युरोपात बाराव्या शतकात थिओफिलस नावाच्या साधूनं कारागिरीवर लिहिलेल्या लॅटिन ग्रंथातही तारा ओढायच्या भोकांच्या लोखंडी पट्ट्या आहेत. चापटण्याची जुनी पद्धत अशी की घोटलेल्या पोलादी ऐरणीवरून तारा सरकत जायच्या आणि वरून गुळगुळीत हातोडीचे ठोके पडत राहायचे. नंतर दोन रुळांमधून तार दाबून काढणं आलं. अशा चापट तारेला बादला म्हणतात आणि ती रेशमावर गुंडाळली की कलाबतू. गुंडाळणाऱ्याचं काम बघण्यासारखं असे. छताच्या आकड्यावरून रेशमाचा धागा खाली सोडलेला, त्याच्या टोकाला चाती, ती मांडीवर घासून गरकन फिरवायची आणि फिरत्या धाग्याभोवती बादला आपोआप गुंडाळला जायचा. सोनेरी जरीच्या पोटातलं रेशीम बहुधा पिवळं रंगवलेलं असे, कारण वेटोळ्यांच्या फटींतून तेही डोकावतं आणि सोन्याला हात देतं. रुपेरी जरीला पांढरं.

ही झाली कृती. आता कल्पना करा की कृती लिहिलेला कागद नाही, कारागीर नाही, हत्यार नाही. फक्त पाच मिलिमीटर जर हातात आहे, तीही कुठल्याशा फाटक्या पदरातून गळून पडलेली. तिच्यावरून ती कशी बनवली, कधी बनवली, कुठल्या परंपरेत बनवली हे सांगायचं. धातूच्या जुन्या धाग्यांचा अभ्यास करणारे वैज्ञानिक नेमकं हेच करतात. बुडापेस्टच्या हंगेरियन राष्ट्रीय संग्रहालयातल्या मार्ता यारो यांनी त्यात आयुष्य घातलं. सतराव्या ते एकोणिसाव्या शतकांतले युरोपीय धातूचे धागे कसे बनले, हे त्या धाग्यांवरूनच कसं ओळखायचं, यावर त्यांचा आणि त्यांचे सहकारी तोत यांचा निबंध १९९१ साली आला.

पहिली तपासणी साध्या भिंगानंही करता येते. दहा पट मोठं दाखवणारं घड्याळजीचं भिंग घ्या आणि खिडकीपाशी बसून जुन्या काठाची जर न्याहाळा. नुसत्या डोळ्यांना जी सलग सोनेरी रेघ वाटत होती, ती मोडून एकाशेजारी एक बसलेली तिरपी वेटोळी दिसू लागतात. मधल्या फटींतून रेशीम दिसतं. वेटोळी कुठल्या बाजूला उतरतात ते बघा. डावीकडून उजवीकडे खाली उतरत असतील तर एक पिळ, उलट असतील तर दुसरा. चाती मांडीवरून पुढे घासली की मागे, याची ती नोंद आहे. एका सेंटिमीटरात किती वेटोळी बसली यावरून माल किती उंची, हे कळतं. भोकात अडकलेल्या कणामुळे तारेवर उठलेली ओरखड्याची रेघ कधी कधी एका वेटोळ्यावरून दुसऱ्यावर जाताना दिसते. कुणाच्या तरी जंतराच्या एका भोकाला खोट होती आणि ते आपल्याला इतक्या वर्षांनी कळतंय!

पुढचं काम इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचं. तुकडा पारदर्शक राळेत बसवतात, राळ घट्ट झाली की आडवी कापून आरशासारखी घोटतात आणि त्या छेदावर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडतात. जड अणूंवरून इलेक्ट्रॉन जास्त संख्येनं उलटून येतात, म्हणून सोनं लख्ख पांढरं दिसतं, चांदी राखाडी, तांबं त्याहून गडद आणि रेशीम जवळपास काळं. काळ्या वर्तुळाभोवती राखाडी कडं आणि त्या कड्याच्या कडेनं केसाहून कितीतरी बारीक अशी पांढरी रेघ. ते आपलं सोनं. त्याच झोतानं अणू उत्तेजित होऊन आपापले ठरावीक क्ष-किरण सोडतात, त्यावरून कुठला धातू किती हे मोजता येतं.

आणि मग नजर जाते पट्टीच्या कडांवर. या शास्त्रातला सगळ्यात बोलका पुरावा तिथं असतो. पट्टी दोन तऱ्हांनी बनू शकते. एक, धातूचा पत्रा ठोकून पातळ करायचा आणि कात्रीनं किंवा सुरीनं त्याच्या चिंचोळ्या पट्ट्या कापायच्या. दुसरी, गोल तार ओढून ती चापटायची. कापलेल्या पट्टीचे कोपरे धारदार असतात, कापताना धातू थोडा मुडपलेला असतो आणि कडेवर सोनं नसतं, कारण पत्र्यावर सोनं आधीच चढवलेलं होतं आणि कात्रीनं आतली चांदी उघडी पाडली. कित्येकदा सोनं एकाच बाजूला असतं. चापटलेल्या तारेच्या कडा मात्र गोलसर असतात आणि सोनं वरून, खालून, कडेनं, सगळीकडे असतं, कारण मुळात ते गोल सळईच्या सर्वांगावर होतं. शिवाय लांबीच्या दिशेनं समांतर बारीक रेषा दिसतात. हातोडीनं चापटलेलं असेल तर रुंदी ठरावीक अंतरानं थोडी कमी-जास्त होते, रुळांतून काढलेलं असेल तर सरळसोट. बघा, पट्टीची कड एवढीशी, पण कारखाना कात्रीचा होता की जंतराचा, हे ती शपथेवर सांगते.

जगभर इतर लोकांनी काय काय युक्त्या केल्या, तेही असंच उलगडलं. सुरुवातीच्या काळात शुद्ध सोनंच वापरलं जाई. ग्रीसमध्ये व्हर्जिना इथं १९७७ साली मानोलिस आंद्रोनिकोस यांनी उघडलेल्या मॅसेडोनियाच्या राजघराण्याच्या कबरीत, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातलं जांभळ्या रंगाचं सोनेरी कापड मिळालं. पुढं सोनं महागलं, खप वाढला आणि मग कसब पणाला लागलं. मध्ययुगीन युरोपातले व्यापारी ‘सायप्रसचं सोनं’ म्हणून जो धागा विकत, त्यात धातूची पट्टीच नसे. जनावराच्या आतड्याच्या पातळ पडद्यावर सोन्याचा वर्ख लावायचा, पडद्याच्या पट्ट्या कापायच्या आणि त्या सुतावर गुंडाळायच्या. वजनाला हलका, पैशाला स्वस्त. आता त्या पडद्यातल्या प्रथिनांची चाचणी करून जनावर कुठलं हेही ओळखता येतं. चीन-जपाननं आतड्याऐवजी कागद घेतला. कागदावर वर्ख चिकटवून त्याच्या पट्ट्या. क्योटोतल्या निशिजिनचे विणकर अशा चपट्या कागदी पट्ट्या सरळ आडव्या धाग्यासारख्या विणत.

आपल्याकडे आतडंही नाही आणि कागदही नाही. पैठणी असो, शालू असो, बनारसचं किनखाब असो, भारतीय जरीचा मुख्य रस्ता तारेचा राहिला. त्याला एक व्यवहारी कारण सुचतं. आपल्याकडचं जरीचं कापड अंगावर नेसायचं असतं, घामानं भिजतं, कधी तरी पाण्यातही जातं आणि शेवटी गहाणही पडतं. कागदाच्या जरीवर कुठल्या सावकारानं पैसे दिले असते? धातूची जर ही अंगावरची पुंजी होती.

पैठणीत तर ती पुंजी भरपूर. जुन्या पैठणीचा पदर उलगडून बघितला, तर जर हीच जमीन असते आणि तिच्यात रेशमाचे मोर, मुनिया, आसावली विणलेली असतात. म्हणून रंग मिन्यासारखे उठून दिसतात. आडवा धागा जरीचाच असल्यामुळे एका पदरात कित्येक मीटर कलाबतू खर्ची पडतो. पदर जड का लागतो, याचं उत्तर रेशमात नाही.

आता वय ठरवायचं. इथं तंत्रज्ञानाचा इतिहास कामाला येतो. विजेच्या साहाय्यानं सोनं चढवण्याच्या पद्धतीचं पेटंट इंग्लंडमध्ये एल्किंग्टन यांनी १८४० साली घेतलं. ही पद्धत जरीत आल्यावर कामाचा क्रमच उलटला. आधी चांदीची तार चापटून रेशमावर गुंडाळायची आणि मग तयार कलाबतू सोन्याच्या द्रावणातून फिरवायचा. द्रावण वेटोळ्याच्या बाहेरच्या अंगाला नीट लागतं, रेशमाला टेकलेल्या आतल्या अंगाला फार कमी. म्हणजे छेदात पट्टीच्या चारी बाजूंना सोनं दिसलं तर सळईवर सोनं चढवून ओढलेली जुनी तऱ्हा, कडा गोलसर असूनही सोनं फक्त बाहेरच्या बाजूला दिसलं तर विजेची नवी. आणि ती नवी तऱ्हा १८४० च्या आधीची असूच शकत नाही. पेशव्यांच्या काळची म्हणून सांगितलेली एखादी ‘ऐतिहासिक’ पैठणी अशा एका छेदात पकडली जाऊ शकते. पोटात चांदीऐवजी तांबं निघालं तर आणखी वेगळी गोष्ट. आणि पॉलिएस्टरच्या फिल्मवर ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा निघाला, तर ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली किंवा त्यानंतरची. मग कुणी कितीही शपथा घेतल्या तरी उपयोग नाही.

यंत्रही फसवतं, हे इथं सांगायला हवं. कापडाला हात न लावता धातू मोजणारं हातातलं क्ष-किरण यंत्र असतं, संग्रहालयांना ते फार सोयीचं वाटतं. पण त्याचे किरण सोन्याचा थर सहज भेदून चांदीत खोल जातात. ते सांगतं, सोनं एक टक्का, चांदी अमुक टक्के. सोनं वर आहे, आत मिसळलंय की फक्त एका बाजूला आहे, हे त्या आकड्यात नसतं. एवढंच काय, इलेक्ट्रॉनांचा झोतसुद्धा वरून सोडला तर सोन्यातून आरपार जाऊन खालची चांदी मोजून येतो. आकडा अगदी अचूक आणि अर्थ चुकीचा, असा प्रकार. म्हणून छेद घ्यावाच लागतो आणि छेद घ्यायचा म्हणजे एक तुकडा कायमचा खर्ची पडतो. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कला-संवर्धन केंद्र आहे. अशा ठिकाणी काम करणाऱ्यांना दर वेळी ठरवावं लागतं की एवढ्या माहितीसाठी एवढं कापड द्यायचं का. बहुतेक वेळा गळून पडलेल्या तंतूंवरच भागवतात आणि ते योग्यच आहे.

काळेपणाकडेही मग वेगळ्या नजरेनं बघता येतं. अडीचशे अणूंचा थर कितीही जिद्दीचा असला तरी त्याला सूक्ष्म भोकं असतातच. गंधक त्यांतून आत जातो, चांदीशी जुळतो आणि तयार झालेलं सल्फाइड भोकातून बाहेर येऊन सोन्याच्या अंगावर पसरतं. म्हणजे सोनं काळं पडत नाही, ते काळ्याखाली झाकलं जातं. कापलेल्या पट्टीत कडा उघड्याच असतात, तिथून काळेपणा आधी शिरतो. हे कळलं की चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट वगैरे घरगुती उपायांनी जर चकाकवण्याचा हव्यास किती महागाचा आहे, तेही कळतं. घासून काळं निघतं आणि त्याच्यासोबत ते अडीचशे अणूही निघतात. एकदा चकाकते, पुढच्या वेळी दुप्पट वेगानं काळी पडते. काही करायचंच असेल तर धुतलेल्या जुन्या मलमलीत गुंडाळून, लोकर आणि रबर यांच्यापासून लांब ठेवावी, आणि वर्षातून एकदा घडी मोडून दुसरीकडे घालावी, नाहीतर पट्टी त्याच जागी वाकून वाकून तुटते.

काळी पडलेली पैठणी शेवटी कुठं जाते, हे मुंबईकरांना माहीत आहे. ‘जुन्या जरीच्या साड्या विकत घेऊ’ अशा पाट्या शहरात जागोजागी दिसतात. घेणारा काठाची जर कसोटीच्या दगडावर घासतो, दगडावर उठलेल्या रेघेवर आम्लाचा थेंब सोडतो आणि रंग बघून भाव सांगतो. तोही धातूची परीक्षाच करतो आणि त्याच्या कामापुरती अचूक करतो. पदर आणि काठ कापून वेगळे होतात, भट्टीत जातात. रेशीम जळून जातं. बादल्याचं वेटोळं उलगडून, मऊ होऊन, वितळून चांदीचा गोळा होतो. पिळाची दिशा, कडा, जंतराच्या ओरखड्याची रेघ, हातोडीच्या ठोक्यांचं अंतर, सगळं त्या गोळ्यात विरघळतं. अडीचशे अणूंचं सोनंही चांदीत शिरतं, ते काढून घ्यायला वेगळी प्रक्रिया लागते. पैशाच्या अडचणीत असलेल्या घरानं हे केलं तर त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण विकण्याआधी पदराच्या टोकाची बोटभर पट्टी कापून पाकिटात ठेवायला फारशी किंमत पडत नाही.

ही चांदी तरी आली कुठून? हिंदुस्थानात चांदीच्या खाणी फारशा कधी नव्हत्या. जी होती ती बहुतांश समुद्रमार्गे आली. १५४५ साली आजच्या बोलिव्हियात पोतोसीच्या डोंगरात चांदी सापडली आणि पुढची दोन-अडीच शतकं स्पॅनिश अमेरिकेतली चांदी नाण्यांच्या रूपानं युरोपातून सुरतेसारख्या बंदरांत उतरत राहिली. कापडाच्या मोबदल्यात आलेली ती नाणी आटवून त्यांच्या लगडी झाल्या, आणि काही लगडींची तार झाली. म्हणजे पैठणच्या मोरामागची चांदी अँडीज पर्वतातली असणं अगदी शक्य आहे. चांदीत शिशाचे जे अत्यल्प अंश राहतात, त्यांच्या समस्थानिकांचं प्रमाण खाणीगणिक वेगळं असतं आणि जुन्या नाण्यांच्या बाबतीत त्यावरून खाणीचा माग काढता येतो. जरीत मात्र हा माग चटकन अडतो. भट्टीतून निघालेला गोळा चांदीच्या बाजारात जातो, इतर गोळ्यांबरोबर ओतला जातो आणि त्यातली काही चांदी पुन्हा लगड होऊन जरीच्याच कारखान्यात येऊ शकते. दहा आज्यांचे पदर आणि पाच देशांची नाणी एका मुशीत गेल्यावर शिशाचे समस्थानिक फक्त सरासरी सांगतात.